बॅकिंग ट्रॅक कशावरून वाजवायचा? फोन, पेनड्राइव्ह, लॅपटॉप की अजून काही

सोसायटीच्या गणपतीत मी पहिल्यांदा ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या साथीवर, गायलो, भजन संपलं, टाळ्या पडल्या, मी नमस्कार करायला वाकलो आणि तेवढ्यात फोनने स्वतःच्या मनाने पुढची फाइल सुरू केली, ती होती दणदणीत ढोलकीची लावणी. आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या काकू अजून दरवर्षी त्यावरून मला चिडवतात. तेव्हापासून ट्रॅक वाजवायचं काहीही घ्यायचं असलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, गाणं संपल्यावर हे गप्प बसतं का? आवाज कसाय ते नंतर बघू. वाजवायला काय, वीस रुपयांचा स्पीकरपण वाजतो, वेळेवर थांबणारं मशीन शोधावं लागतं.

पायरी १ : दुकानात जायच्या आधी दोन गोष्टी ठरवा

बटण कोण दाबणार, आणि मशीनमधून किती वेगवेगळे आवाज बाहेर काढायचेत? एवढं कागदावर लिहून काढलं तर निम्मा खर्च वाचतो.

एकटे गाताय, मागे फक्त ट्रॅक आहे, तर दोन आउटपुट, म्हणजे लेफ्ट-राइट, पुरतात. पण सोबत ड्रमर किंवा ऑक्टोपॅडवाला (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) असेल आणि तो ट्रॅकच्या वरती लाइव्ह वाजवणार असेल तर त्याला कानात क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, लागतो, आणि तो क्लिक पब्लिकला ऐकू जाता कामा नये. स्वस्तातला जुना जुगाड म्हणजे फाइलच्या लेफ्टला क्लिक आणि राइटला अख्खा ट्रॅक मोनो करून, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, टाकायचा. चालतो, मी स्वतः बरीच वर्षं हेच केलंय, फक्त वायरींवर मोठ्या अक्षरात ‘क्लिक’ आणि ‘ट्रॅक’ लिहून चिकटपट्टी लावा, कारण गडबडीत साउंडवाल्याने उलटी वायर लावली की पूर्ण हॉल टिकटिक ऐकतो आणि ड्रमरच्या कानात बासरी वाजत बसते.

क्लिकही वेगळा हवा आणि ट्रॅकही स्टिरिओ हवा असेल तर चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपला लावून आवाज बाहेर काढायचा डबा, लागतो. इथे एक फसगत नेहमी होते. फोकसराइटचा स्कार्लेट टू-आय-टू घेऊन लोक म्हणतात याला हेडफोनचं वेगळं भोक आहे की, पण त्या भोकातून मेन आउटपुटला जे जातं तेच येतं, वेगळं काही नाही. त्याचाच फोर-आय-फोर किंवा बेहरिंगरचा यूएमसी ४०४ एचडी घेतला तर खरंच चार वेगळे रस्ते मिळतात.

पायरी २ : मशीन निवडा

मिक्सर किंवा अॅम्प्लिफायरला असलेला पेनड्राइव्हचा स्लॉट बघून सगळ्यांना मोह होतो, वायरच नको. मंडळाच्या स्टेजवर सकाळची भक्तिगीतं लावायला तो उत्तम आहे, कार्यक्रमाला नाही. एक तर स्वस्तातल्या बऱ्याच प्लेअरना फॅट-३२ सोडून पेनड्राइव्हचं दुसरं फॉरमॅट कळत नाही, दुसरं म्हणजे बरेच प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने न वाजवता ज्या क्रमाने कॉपी केली त्याच क्रमाने वाजवतात, तुम्ही ०१, ०२ नावं देऊनही उपयोग नाही. त्यामुळे ड्राइव्ह आधी फॉरमॅट करा आणि एकेक फाइल क्रमाने कॉपी करा. आणि हा स्लॉट असतो साउंडवाल्याच्या टेबलावर, तुम्ही असता स्टेजवर, म्हणजे बटण त्याच्या हातात आणि तो तेव्हा चहा पीत असतो.

फोन बहुतेकांना पुरतो, आणि पुरत असेल तर नवीन काही घेऊ नका. पण तुमचा रोजचा फोन नको, घरात पडलेला जुना, सिम नसलेला, थ्री पॉइंट फाइव्हचं, म्हणजे हेडफोनचं, भोक असलेला फोन काढा. एअरप्लेन मोड, अलार्म बंद, स्क्रीन स्लीप बंद, प्लेअर अॅपमध्ये एक गाणं झालं की थांबायची सेटिंग चालू. ती सेटिंग नसेल तर प्रत्येक फाइलच्या शेवटी वीस-तीस सेकंद शांतता जोडून ठेवा, तेवढ्यात स्टॉप दाबता येतो. (माझी लावणीची फजिती याच उपायाने टळली असती.) बऱ्याच नवीन फोनना हेडफोनचं भोक नसतं, मग टाइप-सीचं छोटं कन्व्हर्टर घ्यावं लागतं, आणि तिथेही गोची आहे, ट्रेनमध्ये मिळणारी काही कन्व्हर्टर नुसती वायर असतात, आत डिजिटलचा आवाज करणारी चिपच नसते, ती काही फोनवर चालतात आणि काहींवर मुकी. चिपवालं घ्या, आणि दुकानातच तुमच्या फोनला लावून बघा.

ब्लूटूथबद्दल लोक नुसतं लेट लेट करतात. नुसता ट्रॅक वाजवून गायचं असेल तर लेट सुरू झाल्याने काही बिघडत नाही, सगळे तोच आवाज ऐकून गातायत. घोळ तिथे होतो जिथे ड्रमरचा क्लिक वायरने येतो आणि ट्रॅक ब्लूटूथने, तेव्हा दोघांत फरक पडतो. पण खरी भीती वेगळीच, सिग्नल तुटायची. समोर पाचशे माणसं उभी राहिली की त्यांची शरीरंच सिग्नल अडवतात, सकाळी रिकाम्या मैदानात मस्त चाललेलं संध्याकाळी हिचके देतं. वायर लावा, विषय संपला.

लॅपटॉप तेव्हा घ्या जेव्हा खरंच चार आउटपुट, क्लिक आणि गाण्यांची मोठी यादी सांभाळायची असेल. ट्रॅक वाजवायच्या सॉफ्टवेअरपैकी रीपर किंवा एबलटन लाइव्ह विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतं, मेनस्टेज फक्त मॅकवर. विंडोज असेल तर कार्यक्रमाचा वेगळा युजर बनवा, अपडेट थांबवा, सिस्टमचे टुंग-टांग आवाज बंद करा. आणि लॅपटॉप सब बास स्पीकरच्या डब्यावर ठेवू नका, प्लीज, मी बघितलंय तो थरथरत खाली जाताना.

ऑक्टोपॅडवाल्याकडे रोलँडचा एसपीडी-एसएक्स सॅम्पलिंग पॅड असेल तर मात्र तुम्हाला काहीच घ्यायची गरज नाही. पूर्ण ट्रॅक वेव्ह (.wav) फाइल म्हणून त्यात भरता येतो, काठी मारली की सुरू, परत मारली की बंद, मेन आणि सब अशी वेगळी आउटपुटं आहेत त्यामुळे क्लिकपण बाजूला काढता येतो. बटण वादकाच्या हातात, तोच ताल धरणार, तोच थांबवणार. माझ्या मते छोट्या ऑर्केस्ट्राला याच्याइतकं शहाणं दुसरं काही नाही.

पायरी ३ : वायर, म्हणजे खरी गंमत इथेच

पैसे मशीनवर घालून वायरीत कंजूसी करायची ही आपल्याकडची जुनी खोड. लॅमिंग्टन रोडला ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जा आणि मागा ‘स्टिरिओ ईपी टू दोन मोनो पी-३८’, म्हणजे एका बाजूला फोनची बारीक पिन, दुसऱ्या बाजूला दोन जाड पिना. जाड पिन एकच असलेली स्टिरिओ वायर घेऊ नका, का ते सांगतो. मिक्सरच्या बॅलन्स्ड, म्हणजे खरखर टाळायला सिग्नल दोन तारांवरून घेणाऱ्या, इनपुटमध्ये ती खुपसली की मिक्सर दोन सिग्नलमधला फरक वाजवतो, आणि जे दोन्हीकडे सारखं आहे ते सगळं पुसलं जातं. बेस, ढोलक, मधे ठेवलेली मेलडी, सगळं गायब, उरते नुसती गुफेतली घुमघुम. गाण्यातला गायकाचा आवाज उडवायची जुनी युक्ती हीच आहे, इथे ती नको असताना होते आणि साउंडवाला म्हणतो ‘तुमचा ट्रॅकच खराब आहे’.

मिक्सर पाच-सहा मीटरपेक्षा लांब असेल, आणि हॉलमध्ये तो लांबच असतो, तर मधे डीआय बॉक्स टाका. साधा पॅसिव्ह, ट्रान्सफॉर्मरवाला, दोन चॅनलचा. तो तुमचा सिग्नल बॅलन्स्ड करून कॅननच्या (एक्सएलआर) वायरने पाठवतो, लांब गेला तरी खरखर येत नाही. लॅपटॉपला चार्जर लावला की येणारी ती हूंऽऽ ऐकलीय ना, ती ५० हर्ट्झची, अर्थिंगच्या लूपमुळे येते, आणि जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात तर हमखास. डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका उलटा करा, बहुतेक वेळा जाते. प्लगची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर त्याला हात जोडा आणि ऐकू नका, पावसाळ्यात ओल्या स्टेजवर माईक धरून उभं राहायचंय तुम्हाला.

पावसाळ्यावरून आठवलं, मुंबईच्या दमट हवेत पिना काळ्या पडतात आणि आवाज येतो-जातो होतो. जूनमध्ये एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुसून घ्या, गणपतीच्या आदल्या दिवशी नाही.

पायरी ४ : फाइली नीट करा, नाहीतर चांगलं मशीनपण रडतं

४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची वेव्ह ठेवा, चार मिनिटांचं गाणं साधारण ४० एमबी होतं, आजच्या कार्डात ते काहीच नाही. एमपी-थ्रीच असेल तर ३२० केबीपीएसची. व्हॉट्सअॅपवर आलेला ट्रॅक डाउनलोड करून स्टेजवर नेऊ नका, नुसता हेडफोनवर बरा वाटतो.

स्केल, म्हणजे गाण्याची पट्टी, घरीच बदलून ठेवा. पुरुषाची काळी एक आणि बाईची काळी चार, म्हणजे एकाच गाण्याच्या दोन फाइली, नावात स्केल लिहून. दोन-तीन सूर वर-खाली चालतं, त्याच्या पुढे तबला पत्र्यासारखा वाजायला लागतो, तेव्हा त्या स्केलमधला दुसरा ट्रॅक शोधा. सगळ्या फाइलींचा आवाज एका पातळीला आणा, ऑडेसिटी फुकट आहे त्यात होतं, नाहीतर एका गाण्याला साउंडवाला फेडर वर करतो आणि पुढचं गाणं कानठळ्या बसवतं. आणि मोनो करून एकदा ऐका. मांडवात डाव्या स्पीकरजवळ बसलेल्या आजींना उजवीकडची बासरी कधीच ऐकू येत नाही.

पायरी ५ : हॉलवर

दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह असो, पार्ल्याचं दीनानाथ असो की चाळीतलं पटांगण, पोहोचल्यावर पहिलं गाणं पूर्ण वाजवू नका, पहिल्या गाण्याची सुरुवात, सगळ्यात मोठ्या आवाजाचं गाणं आणि एका गाण्याचा शेवट एवढंच वाजवा, शेवट मुद्दाम, थांबतंय का बघायला. दुसऱ्या फोनमध्ये सगळ्या फाइली त्याच क्रमाने ठेवा आणि तो फोन दुसऱ्या वायरने मिक्सरच्या शेजारच्या चॅनलला लावूनच ठेवा, खिशातला बॅकअप ऐनवेळी कामाला येत नाही कारण वायर शोधायलाच दोन मिनिटं जातात. साउंडवाल्याकडे स्टेजवरचा मॉनिटर स्पीकर, म्हणजे तुमच्याकडे तोंड केलेला, मागा, पब्लिकच्या स्पीकरचा आवाज भिंतीवर आपटून उशिरा येतो आणि त्याच्या मागे गायलात की तुम्ही ट्रॅकच्या मागे पडता.

उघड्यावर असाल तर घड्याळ समोर ठेवा, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ला स्पीकर बंद, सरकार वर्षातले काही ठरावीक दिवसच १२ पर्यंत सूट देतं. शेवटची दोन गाणी अशी निवडा की एक गाळलं तरी चालेल, आणि ती गाळायची असली तर बटण दाबणाऱ्याला काय खूण करायची ते आधीच ठरवा. आमच्याकडे मी डावा हात कानाला लावला की भाचा थेट शेवटच्या फाइलवर जातो.