जुन्या सूसाफोनला नेक बसवताना

लेकीच्या मार्चिंग बँडसाठी आम्ही जुना सूसाफोन (अंगाभोवती वेढून खांद्यावर घ्यायचं मोठं पितळी फुंकवाद्य) घेतला, कॉन कंपनीचं २० के मॉडेल, अमेरिकेत एल्खार्ट, इंडियाना इथे बनलेलं. वाद्य दणकट, पण माउथपीसकडची वाकडी नळी, म्हणजे नेक, गायब! सोबत दोन बिट, म्हणजे माउथपीस आणि नेक यांच्यामध्ये बसणारे नळीचे छोटे तुकडे, तेवढे होते.

‘सूसाफोनचा नेक’ एवढंच बघून मी पहिला मागवला, तो वाद्यावरच्या नेक बसायच्या खोबणीत डुगडुगला. टेफ्लॉन टेप गुंडाळून बघितली; सराव होईपर्यंत टिकली, पण खालचे सूर फुसफुसतच राहिले. हवा गळत होती.

मग व्हर्निअर कॅलिपर काढला. खोबणीचा आतला व्यास दोन जागी मोजला, कारण जुनी खोबण झिजून लंबगोल होते. बिट नेकमध्ये किती खोल जातो तेही टिपलं. ही मापं विक्रेत्याला आधी कळवली आणि त्याच मॉडेलचा वापरलेला नेक मिळाला. तोही केसभर सैल होता. दुरुस्तीवाल्याने पितळेचं टोक आतून किंचित फुगवून दिलं. हे काम घरी पक्कड घेऊन करू नका, पितळ चिरतं.

बसवण्याआधी बिटच्या सांध्यांना हलकं ग्रीस लावलं. खालचा बी फ्लॅट हा सूर आता भरून वाजतो, लेक तोच पुन्हा पुन्हा वाजवतेय.