या चुका टाळा : रिसीव्हर महागडा, ऐकू मात्र दोनच स्पीकर येतात

गेल्या दिवाळीत एका मित्राने पाच स्पीकर, एक सबवूफर आणि उचलताना कंबर धरेल असा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन तो सगळ्या स्पीकरांत वाटणारा ॲम्प्लिफायरचा डबा, घेतला. जूनमध्ये त्याचा फोन आला, "मागचे दोन स्पीकर गेलेत बहुतेक. कुणी रिपेअरवाला आहे का ओळखीचा?" जाऊन बघितलं तर स्पीकर ठणठणीत. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर, म्हणजे इथे दोनच चॅनेलच्या आवाजावर, ठेवलेलं होतं, म्हणून मागच्या स्पीकरांपर्यंत कधी काही पोचलंच नव्हतं. आठ महिने या गृहस्थाने पाचाचे पैसे मोजून दोनच ऐकले.

हातात मल्टिमीटर आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ओळखीपाळखीच्या घरी जायची मला खोड आहे. तिथे रिसीव्हरवर फोडलेलं खापर बहुतेक वेळा एखाद्या तारेचं, सेटिंगचं किंवा कपाटाचं निघतं.

टीव्ही ते रिसीव्हर : सगळ्यात जास्त घोळ इथे

टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय सॉकेट असतात, पण आवाज परत पाठवणारं एकच. त्यावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' छापलेलं असतं. केबलचं दुसरं टोक रिसीव्हरच्या आउटपुट सॉकेटमध्ये जायला हवं, इनपुटमध्ये नव्हे. दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांशी बोलायची सोय) चालू लागतं आणि ते शोधताना डोकं फिरतं, कारण प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळंच बारसं केलंय. सॅमसंगमध्ये 'ॲनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिम्पलिंक', सोनीमध्ये 'ब्राव्हिया सिंक'.

मग टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये 'पीसीएम' बदलून 'पास-थ्रू', 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम', जे नाव दिसेल ते निवडा. साध्या एआरसीवरून पीसीएम फक्त दोन चॅनेलचं जातं. ऑप्टिकल केबल त्याहून तोकडी. तिच्यातून जुनं ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) डॉल्बी डिजिटल जातं, पण ओटीटीवाले ज्यातून ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज येणारं सराउंड) पाठवतात ते डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. एआरसीवरून ते जातं. ब्लू-रे डिस्कवरच्या ट्रूएचडीला (डॉल्बीचा दर्जा न घटवलेला आवाज) मात्र ईएआरसीच हवं, नाहीतर प्लेअर सरळ रिसीव्हरच्या इनपुटला लावावा. मी तेच करतो. टीव्हीला मध्यस्थ कशाला करायचं?

हे जुळलं की नाही, ते कानाने ठरवू नका. रिमोटवरचं 'इन्फो' बटण दाबा आणि रिसीव्हरमध्ये काय येतंय ते वाचा. पाचही स्पीकर वाजतायत म्हणजे सराउंड चालू, असं अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात मोड असतो 'मल्टी चॅनेल स्टिरिओ', म्हणजे तीच दोन चॅनेलं सगळीकडे वाटलेली. वाढदिवसाला गाणी लावायची तर ठीक, सिनेमाला नको. जुना स्टिरिओ मराठी चित्रपट लावलात तर 'डॉल्बी सराउंड' मोड निवडा. तो निदान संवाद मधल्या स्पीकरकडे आणतो.

काल चालत होतं आणि आज टीव्हीचा आवाजच गायब, हेही नेहमीचं. टीव्ही आणि रिसीव्हर दोघांचे प्लग भिंतीतून काढा, पाच मिनिटं थांबा, परत लावा. रिमोटने बंद करणं म्हणजे झोपवणं, त्याने हा गुंता सुटत नाही. एचडीआर चित्र लावल्यावर पडदा काळा पडत असेल तर रिसीव्हरमधला '४के सिग्नल फॉरमॅट' 'स्टँडर्ड'वरून 'एन्हान्स्ड' करा आणि केबल निदान १८ गिगाबिटची आहे ना ते बघा.

तांब्याचे मोकळे केस

स्पीकरची तार सोलताना दोन-चार बारीक तंतू बाहेर राहतात आणि शेजारच्या टर्मिनलला टेकतात. रिसीव्हर चालू होतो, टक्क करतो, बंद पडतो आणि समोरचा दिवा लुकलुकत राहतो. याला प्रोटेक्ट मोड म्हणतात. तार नीट पिळून घ्या, जमलं तर बनाना प्लग लावा.

दुसरी चूक इतकी शांत असते की कळतही नाही. एका स्पीकरचे लाल-काळे उलट लागले तर आवाज येत राहतो, फक्त ढोलकीतला दम नाहीसा होतो आणि गायक समोर उभा न राहता खोलीभर पसरतो. शंका असेल तर रिसीव्हर बंद करून त्या तारेचं टोक त्याच्यापासून सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक रिसीव्हरच्या लाल टर्मिनलला होती त्या तारेला असताना वूफरचा पडदा बाहेर उसळला तर जोडणी बरोबर.

तारेवर हजारो रुपये घालवू नका. खोक्यातली केसासारखी तार तेवढी बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड चौरस मिलिमीटरची दोन पदरी लवचीक तांब्याची वायर आणा. दिवाणखान्याला ती पुरते. तार स्वस्तात मिळत असेल तर ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम, वरून फक्त तांब्याचा मुलामा.

'लार्ज' या शब्दाला भुलू नका

रिसीव्हर विचारतो, स्पीकर 'लार्ज' की 'स्मॉल'? चाळीस हजारांच्या स्पीकरला स्मॉल म्हणायला जीव होत नाही. पण प्रश्न आकाराचा नसून खर्ज कोणी वाजवायचा याचा आहे. 'लार्ज' म्हटलंत की सगळा खर्ज त्या छोट्या वूफरवर पडतो आणि सबवूफर अर्धवेळ बसून राहतो. सब असेल तर सगळे 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. सबच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर किंवा 'एलएफई'वर ठेवा, नाहीतर एकच आवाज दोनदा गाळला जातो.

सब सोफ्यामागे जागा होती म्हणून तिथे, असं नको. तो तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जातलं एखादं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे ठोका स्वच्छ, न घुमता ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

माइक लावताना पंखा बंद

रिसीव्हरमधल्या आपोआप जुळवणीच्या सोयीचं नाव ऑडिसी, वायपीएओ, डिरॅक काहीही असो, खोक्यातला तो छोटा माइक खोलीचा आवाज मोजतो. पंखा चालू, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, आणि माइक सोफ्याच्या पाठीवर आडवा टाकलेला. मग आकडे कसले मिळणार? माइक ट्रायपॉडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर ठेवा आणि रात्री मोजा. मे महिन्यात घाम निघतो, इलाज नाही. मोजून झाल्यावर सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसलं तर 'दुरुस्त' करू नका. सबच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ रिसीव्हरने त्या अंतरात धरलेला असतो. स्पीकर मात्र त्याने परत 'लार्ज' करून ठेवलेत का, ते तपासा.

संवाद ऐकू येत नाहीत

ही तक्रार घरातल्या ज्येष्ठांची असते आणि खरी असते. मधला स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात आत ढकललेला असतो, गुडघ्यांकडे तोंड करून. तो कडेपर्यंत पुढे ओढा, खाली रबराचा तुकडा देऊन कानांच्या दिशेने कलता करा. मग सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा. रात्री डायनॅमिक रेंज आवळणारा नाइट मोड लावा, खालच्या मजल्यावरचेही दुवा देतील. डिस्प्लेवर व्हॉल्यूम उणे ३० दिसतो म्हणून दचकू नका. तिथे शून्य म्हणजे चित्रपटगृहातली प्रमाण पातळी, सरासरी ८५ आणि शिखराला १०५ डेसिबल. फ्लॅटमध्ये तिथवर जायचं कारण नाही.

छताकडे तोंड केलेले ॲटमॉस स्पीकर सपाट छतालाच चालतात. डॉल्बीच्या हिशेबाने छत साधारण २.३ ते ३.६ मीटर उंच असावं. कौलारू किंवा उतरत्या पत्र्याच्या घरात त्यांवर पैसे घालू नका.

रिसीव्हर खरोखर मारणाऱ्या गोष्टी

वरच्या चुकांनी बहुतेक वेळा फक्त आवाज बिघडतो. या पुढच्यांनी यंत्र जातं.

पहिली, अमेरिकेहून आलेली भेट. भाचा येताना बॅगेत रिसीव्हर घेऊन येतो, तिकडे सेलमध्ये निम्म्यात मिळालेला. पिन बसत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून ॲडॉप्टर येतो, प्लग लागतो आणि एक वास सुटतो. आधी पाठीवरची पट्टी वाचा. 'एसी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढंच असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर चालणार नाही. ॲडॉप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही पाठीवर लिहिलेल्या वॉटपेक्षा चांगला जास्त क्षमतेचा. हेअर ड्रायरसाठी मिळणारं हलकं कन्व्हर्टर चालत नाही. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार पिळणाऱ्याला घरात घेऊ नका.

दुसरी, उष्णता. रिसीव्हर म्हणजे पाच-सात ॲम्प्लिफायर एकाच पत्र्याच्या डब्यात. त्याला काचेच्या दाराचा बंद खण, वर सेट-टॉप बॉक्स आणि त्याच्यावर आजीने क्रोशाने विणलेला रुमाल, असा थाट मी स्वतः पाहिलाय. रुमाल सुंदर होता. वरची जाळी उघडी ठेवा, वर वीतभर मोकळी जागा सोडा आणि महिन्याकाठी धूळ ब्रशने काढा.

तिसरी, वळीव. सर्ज प्रोटेक्टर घेतला म्हणून निश्चिंत राहू नका, तो फक्त भिंतीतली वीज अडवतो. गच्चीवरच्या डिशची केबल सेट-टॉप बॉक्समध्ये येते आणि जवळपास वीज पडली की तिच्यातला झटका एचडीएमआयमधून रिसीव्हरच्या बोर्डापर्यंत जातो. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा.

तीच केबल कधी कधी सतत 'हूंऽऽ' असा आवाजही आणते. काढून बघा. घरघर थांबली तर अर्थिंगचा फेरा तिच्यातून आहे आणि केबलवाल्याकडून आयसोलेटर बसवून घेता येतो. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कापायची नाही, कुणीही सांगितलं तरी. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर येणारी घरघर वेगळी, तेव्हा रिसीव्हर बंद ठेवलेला बरा.

आणि प्रोटेक्ट मोड काही केल्या जात नसेल तर? प्लग काढून सगळ्या स्पीकरांच्या तारा मागून सोडवा. मग रिसीव्हर एकटाच चालू करा. चालू राहिला तर बंद करून एक तार लावा, पुन्हा चालू करा, असं एकेक करत जा. जिच्यानंतर पडेल ती तार किंवा तो स्पीकर दोषी. एकही तार नसताना बंद पडत असेल, तर मात्र या वेळी खापर योग्य डोक्यावर फुटलंय. झाकण उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेले असतात. बिल शोधा आणि सर्व्हिस सेंटर गाठा.