मंगल कार्यालय ठरवताना: भाडं कळतं, बिल कळत नाही

भाचीला बोहल्यावर आणायचं काम मामाचं, हे मला ठाऊक होतं. कार्यालय ठरवायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. पुण्यात आठ ठिकाणी फिरलो, भाड्याचे आकडे वहीत उतरवले आणि सगळ्यांत कमी भाडं होतं तिथे आगाऊ रक्कम भरून मोकळा झालो. कार्य पार पडल्यावर बिल हातात आलं, ते जेवण सोडूनही भाड्याच्या जवळजवळ दीडपट होतं. फसवलं कुणीच नव्हतं. मी जे विचारलंच नव्हतं, ते सगळं त्यात ओळीने लिहिलेलं होतं. त्यानंतर घरातल्या आणखी दोन लग्नांची कार्यालयं मी ठरवली. पुढचं सगळं त्या तीन बिलांतून आलेलं आहे.

नुसतं भाडं विचारून घरी येणं

मॅनेजर सांगतो तो आकडा बहुतेक वेळा रिकाम्या हॉलचा असतो. समजा, भाडं 1,50,000 रुपये आहे. जागेच्या भाड्यावर जीएसटी 18 टक्के, म्हणजे 27,000 तिथेच वाढले. मग वीज मीटरप्रमाणे, एसीचे वेगळे, जनरेटर तासावर, सफाई, गाद्या-उशा नगावर, स्वयंपाकाची भांडी वेगळी आणि वर अनामत. यातली एकही गोष्ट गैर नाही, पण दोन कार्यालयांची तुलना करायची तर ही सगळी बेरीज करून करावी लागते. एकाकडे गाद्या आणि वीज भाड्यातच धरलेली असते, दुसऱ्याकडे बोहल्यावरच्या दोन खुर्च्यासुद्धा डेकोरेटरकडून घ्या म्हणतात.

मी आता सरळ विचारतो, "साहेब, गेल्या महिन्यात तीनशे पानांचं लग्न झालं असेल, त्याचं शेवटचं बिल दाखवा. नाव झाका हवं तर." दोन ठिकाणी दाखवलं. एका ठिकाणी "तसं दाखवता येत नाही हो" म्हणाले, आणि तिथे मी पुन्हा गेलो नाही.

"पक्कं बिल नको असेल तर जीएसटी सोडतो," असंही कानात सांगितलं जातं. मोह होतो. पण पुढे काही बिनसलं तर तुमच्या हातात पैसे दिल्याचा कागदच नसतो. शिवाय एकाच कार्यासाठी एका व्यक्तीकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे. दंड घेणाऱ्याला होतो, म्हणून जाणता मॅनेजर स्वतःच चेक किंवा ऑनलाइन मागतो.

"एक दिवस" म्हणजे किती तास, हे न विचारणं

पुण्याकडे बऱ्याच ठिकाणी आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताबा मिळतो, काही ठिकाणी फक्त सकाळ किंवा फक्त संध्याकाळ. आदल्या दिवशी सीमांतपूजन आणि हळद करायची असेल तर ती भाड्यात धरली आहे का, की त्याचं अर्धं भाडं वेगळं, हे कागदावर यायला हवं.

याहून महत्त्वाचा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता: आदल्या संध्याकाळी इथे दुसरं कार्य आहे का? आमच्या वेळी होतं. त्यांचं रिसेप्शन साडेअकराला आवरलं, आमचा फुलवाला टेम्पोत झोपून राहिला, आणि पहाटे चारला मंडप सजवायला घेतला. मुहूर्त सकाळचा होता. फोटोत मागचा अर्धा झेंडूचा पडदा रिकामा दिसतो, तो त्यामुळे.

त्याच आवारात लॉन आणि हॉल अशा दोन जागा असतील तर दोन्हीकडे एकाच दिवशी कार्य लागू शकतं. मग पार्किंग अर्धं, आणि इकडे मंगलाष्टकं चालू असताना पलीकडचा बँजो. रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे, ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. "आमच्याकडे चालतं" या शब्दावर बारापर्यंतचा संगीताचा कार्यक्रम आखू नका. पोलीस आले की मॅनेजर दिसत नाही.

ताटांचा हिशेब तोंडी ठेवणं

सगळ्यांत जास्त पैसे इथे जातात. केटरर दर ताटावर सांगतो आणि कमीत कमी ताटांची हमी मागतो. आम्ही उत्साहात 400 सांगितली, जेवले 310. दर 450 होता. न जेवलेल्या 90 ताटांचे 40,500 रुपये दिले. आमंत्रणं किती दिली यावर आकडा ठरवू नका. वाराला आणि गावांना धरून ठरवा. मंगळवारच्या लग्नाला ऑफिसातली माणसं संध्याकाळी रिसेप्शनलाच येतात, दुपारच्या पंगतीला नाही. हमी थोडी कमी सांगावी आणि वर किती ताटांपर्यंत त्याच दराने वाढेल ते लिहून घ्यावं.

मोजणी कशी होणार तेही ठरवा. बुफेत ताटल्या मोजतात, आणि ताटली बदलून दुसऱ्यांदा घेणारा पाहुणा दोन ताटं होतो. आमच्यात असा एक काका आहेच. वाढपी, फोटोग्राफर, ड्रायव्हर आणि गुरुजी यांची जेवणं कशात धरली? सकाळचा नाश्ता, आल्या-गेल्याचा चहा आणि आदल्या रात्रीची पिठलं-भाकरी वेगळी का? जिलबीऐवजी दुसरं गोड घेतलं तर फरक किती? मोजणीला आपल्या बाजूचा एक माणूस उभा करा, शक्यतो ज्याचं जेवण आधी उरकलं आहे असा.

केटरिंगवर साधारणपणे जीएसटी 5 टक्के असतो, मोठ्या हॉटेलात जास्त. ताटाचा दर करासकट की करावेगळा, हे पहिल्याच भेटीत विचारून टाका.

बाहेरचा माणूस चालतो, पण रॉयल्टी

अनेक कार्यालयांत केटरर आणि डेकोरेटर त्यांच्याच यादीतला घ्यावा लागतो. बाहेरचा आणलात तर रॉयल्टी नावाची रक्कम. ओळखीचा आचारी आधी ठरवून मग कार्यालय शोधणाऱ्यांना याचा फटका बसतो.

गाण्यांच्या परवान्याचे म्हणून पैसे मागितले तर जरा थांबा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांतल्या गाण्यांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये तसं पुन्हा स्पष्टही केलं. नम्रपणे कलम सांगा, बहुतेक वेळा ती ओळ बिलातून जाते.

दुपारी चारला जागा बघणं

रिकामा हॉल मोठाच दिसतो. जमलं तर तिथे कार्य चालू असताना जाऊन या. पंगतीचा हॉल वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, हे आजीच्या गुडघ्यांना विचारून ठरवायचं असतं. खोल्या किती, त्यातल्या किती वरपक्षाच्या, पहाटे पाचला गीझर किती चालतात, पाणी टँकरचं का, एवढं बघा. लॉन घेत असाल तर एप्रिल-मेमधल्या वळवाच्या सरीसाठी छताखालची जागा कोणती आणि ती भाड्यात आहे का, हेही.

तारीख हललीच तर

घरात सुतक आलं तर तारीख बदलते, हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि बुकिंगच्या वेळी कुणी बोलत नाही, अपशकुन वाटतो म्हणून. मी बोलतो. रद्द केलं तर किती दिवस आधी किती परत, आणि नुसती तारीख पुढे नेली तर आगाऊ रक्कम तशीच धरणार का, नव्या दराने की जुन्या? एप्रिल 2021 मध्ये राज्यात लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी उरली, तेव्हा हे कलम लिहून घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना मिळालेली उत्तरं अगदी वेगळी होती. दाद लागलीच नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, पण तिथेही पहिला प्रश्न पावतीचाच येतो.

ताबा घेताना आणि देताना

विजेच्या मीटरचा फोटो आल्याबरोबर काढा आणि निघताना पुन्हा. भिंतीवर आधीच पडलेले डाग, तुटलेला नळ यांचेही फोटो ठेवा. भांडी मोजून घेतली तर मोजून देता येतात. आमच्या अनामतीतून अकरा वाट्यांचे पैसे कापले, मी बराच वाद घातला. पंधरा दिवसांनी ताईने रुखवताचं खोकं उघडलं, तर चिवड्याच्या पिशव्यांखाली अकराही होत्या, कार्यालयाचं नाव कोरलेल्या.