घरच्या कचऱ्यातून वीज: या चुका टाळा

वर्धा, यवतमाळ, भंडाऱ्याकडच्या गावांत बायोगॅसच्या (बंद टाकीत शेण-कचरा कुजवून मिळणाऱ्या गॅसच्या) कामाला गेलं की पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: "भाऊ, यावर टीव्ही-पंखा चालन का?" टाकीचा खड्डा खोदायचा असतो, कोठ्यात ढोरं किती ते मोजलेलं नसतं, पण जनरेटरचा भाव विचारून झालेला असतो. लोडशेडिंगनं लोक कंटाळले आहेत हे मला कळतं. पण घाईत बांधलेली टाकी बंद पडते, आणि मग सारं गाव म्हणतं की हे कामच खोटं. त्याचा मला राग येतो, कारण काम खोटं नाही.

कचरा न मोजता जनरेटर घेणं

पाच माणसांच्या घरात रोज दीड किलोच्या आसपास ओला कचरा निघतो. त्यातली सालं, देठं, शिळी भाकर गाई-बकऱ्यांना जाते, आणि ती जाऊच द्यावी. सगळा दीड किलो टाकीत गेला तरी गॅस होतो सव्वाशे-दीडशे लिटर. शेगडीचा एक बर्नर तासाला साधारण ४५० लिटर गॅस घेतो, म्हणजे वीस मिनिटं जाळ. चहा आणि वरण झालं. याच गॅसची वीज करायला गेलात तर पाव युनिटही हाती येत नाही, कारण छोटं इंजिन गॅसमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा विजेत उतरवतं. शेगडी निम्म्याहून जास्त ऊर्जा भांड्याला देते.

म्हणून मी सरळ सांगतो: चार-पाच ढोरांचं शेण आणि घरचा कचरा असेल तर रोज २ घनमीटर, म्हणजे दोन हजार लिटर, गॅस देणारी टाकी बांधा आणि स्वयंपाक करा. वीज करायची ती गोशाळेनं, आश्रमशाळेनं, नाहीतर बऱ्याच घरांनी मिळून. ५ किलोवॉटचं इंजिन तासाला तीन घनमीटरच्या आसपास गॅस खातं. एका किलो शेणातून ४० लिटर गॅस मिळतो. चार तास इंजिन चालवायचं तर रोज ३०० किलो शेण लागेल, म्हणजे तीसेक ढोरं. एवढा हिशेब जमत नसेल तर जनरेटरचा विषय सोडून द्या.

नव्या टाकीत मिळेल ते ओतणं

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात तरंगत्या डोमची (गॅस साचला की वर येणाऱ्या झाकणाची) नवी टाकी शेणावर नुकतीच सुरू झाली होती. त्यात हनुमान जयंतीचा भंडारा झाला. उरलेला भात, बुंदी, आलूवांग्याची भाजी, सगळं पिंपानं टाकीत गेलं. दोन दिवसांत डोम वर आला आणि घरचे खूश झाले. मग फोन: "भाऊ, डोम त वर आला, पन गॅस पेटूनच नाही राह्यला."

जाऊन पाहिलं तर आंबट वास अंगणभर. पीएचची (आंबटपणा मोजायची) पट्टी पाचाच्या घरात; सातच्या जितकं खाली तितकं आंबट. टाकीत जिवाणूंचे दोन गट काम करतात. एक गट अन्न फोडून आम्ल करतो, तो झपाट्यानं वाढतो. दुसरा त्या आम्लापासून मिथेन करतो, त्याची वाढ संथ. गोड आणि पिठूळ अन्न एकदम पडलं की पहिला सुसाट सुटतो, आम्ल साचतं आणि दुसरा गट मरायला लागतो. डोम वर आला होता तो कार्बन डायऑक्साइडनं. तो कसा पेटेल?

शेजारच्यानं तोवर चुन्याची अख्खी पिशवी ओतायला काढली होती. ती थांबवली, कारण चुना एकदम पडला की उरलेले जिवाणूही जातात. टाकीतला थोडा राडा काढून शेणखताच्या खड्ड्यात टाकला, त्याच्या जागी शेजारच्या गावातल्या चालू टाकीतली स्लरी (कुजलेला पातळ राडा) आणून भरली. चुन्याची निवळी रोज थोडी. बाकी काही टाकायचं नाही असं आजीला बजावलं, कारण घरात तिचंच ऐकतात. अक्षय तृतीया उलटली तेव्हा निळी ज्योत दिसली.

माझी सवय अशी: पहिला महिना फक्त शेण आणि तेवढंच पाणी. मग बारीक चिरलेला कचरा, आधी वाटीभर, पुढे आठवड्यागणिक वाढवत. पट्टी ६.५ च्या खाली गेली की कचरा बंद. ज्यांना एवढं थांबवत नाही त्यांनी टाकी बांधू नये.

संत्र्याची सालं टाकीत नकोत. सालीतल्या तेलात लिमोनीन नावाचं द्रव्य असतं, ते मिथेन करणाऱ्या जिवाणूंना मारतं. काटोल-वरुडकडे सडक्या संत्र्यांचे ढीग दिसतात आणि मोह होतो, तो आवरा. पऱ्हाटी आणि तुराट्या लवकर कुजत नाहीत, वर तरंगून थर धरतात. फिनाईल, साबणाचं पाणी अजिबात नाही. थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा टाकीभोवती कुटार (भुसा) रचा आणि शेण कोमट पाण्यात कालवा.

गॅस हवेत सोडणं

गॅस जास्त झाला की व्हॉल्व्ह उघडून सोडून देतात, आणि वर म्हणतात आम्ही पर्यावरण वाचवतो. एक घनमीटर बायोगॅसमध्ये सुमारे ४०० ग्रॅम मिथेन असतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट हवा तापवतो. म्हणजे ११ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार. तोच घनमीटर जाळून दीड युनिट वीज मिळते. कोराडी-चंद्रपूरच्या कोळशाच्या विजेत एका युनिटमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे आपण दीड किलो वाचवला. एक घनमीटर सुटला की सात घनमीटर नीट जाळल्याचं पुण्य संपलं. गळकी टाकी चालवण्यापेक्षा त्या कचऱ्याचं साधं कंपोस्ट केलेलं बरं. दर आठवड्याला सांध्यांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडा दिसला की त्याच दिवशी दुरुस्त करा. उरलेला गॅस जाळून टाका.

इंजिनाआधी गंजलेल्या लोखंडी किसाची नळी हवीच, नाहीतर बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू इंजिन खातो. कीस काळा पडला की उन्हात पातळ पसरा, पण कुटारापासून लांब, कारण तो तापतो.

आणि टाकीत उतरू नका. रिकामी दिसली तरी नाही, पडलेल्या माणसाला काढायलाही नाही. हाच हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो, मागून उतरणाराही तिथंच राहतो. बाहेरून पंप लावा.

प्लॅस्टिक जाळून वीज करायचा खटाटोप

मोठ्या प्रकल्पात धूर ८५० अंशांवर दोन सेकंद ठेवतात, मग धुऊन गाळतात, तरी उरलेली राख विषारी असते. गावच्या भट्टीत यातलं काहीच होत नाही. पीव्हीसी (पाइप-वायरींचं प्लॅस्टिक) जळलं की डायॉक्सिन नावाचं विष गोठ्यावर, चाऱ्यावर बसतं आणि दुधात उतरतं. सुका कचरा भंगारवाल्याला द्या.

स्लरी मे महिन्याच्या उन्हात वाळवू नका, नत्र अमोनिया होऊन उडतो. ओलितासोबत पाटात सोडा, किंवा कुटारावर ओतून झाकून ठेवा. विहिरीपासून मात्र लांब.