घर पाडायच्या आधी माप घ्या

माझा धंदा सेंट्रिंगचा. जुनं घर उतरवायचं, तिथं स्लॅब टाकायचा. दारव्हा तालुक्यात मी उतरवलेली बहुतेक घरं १९५०-६० च्या आसपासची. विटामातीच्या जाड भिंती, सागाचे खांब, वर मंगळुरी कवेलू आणि दर्शनी भिंतीवर सिमेंटात उठवलेलं साल.

लोक का पाडतात, ते मला ठाऊक आहे. माकडं कवेलू फोडतात, मृगाआधी ते फेरायला माणूस मिळत नाही, वाटणी झाली की ओसरीच्या मधोमध भिंत येते. घरकुलाचे पैसे पक्क्या घरालाच मिळतात. त्यामुळे पाडू नका म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फक्त आधी एक सकाळ काढा. आमचं स्वतःचं घर मीच उतरवलं, माप न घेता. आता आई झोपाळ्याचं विचारते, "बंगईच्या कड्या किती अंतरावर होत्या रे?" सांगता येत नाही.

आधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढा. मग ३० मीटरचा टेप, चौकड्यांची वही आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक पोरगा. एक चौकडी म्हणजे एक फूट.

खोलीच्या चार भिंती मोजून थांबू नका. खोली चौकोनी दिसते, असते तिरपी. एक माजघर १४ बाय १० चं भरलं, पण कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरला तर एक कर्ण १६ फूट ९ इंच आणि दुसरा १७ फूट ८ इंच. शेजाऱ्याच्या जुन्या भिंतीला लागून बांधत गेले होते, म्हणून. दोन्ही कर्ण लिहा, नाहीतर कागदावर भिंती जुळणार नाहीत. भिंतीची जाडी दारातून मोजता येते. उंची दोन ठिकाणी घ्या, आढ्याखाली आणि वळचणीला. कवेलूचा उतार त्यातूनच निघतो.

फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, बाजूला एक वीट ठेवून, म्हणजे आकार कळतो. खांब आणि तुळई जुळतात तिथं जवळून पाहा. सुताराच्या पटाशीच्या खुणा सापडतात, कोणता तुकडा कुठं बसवायचा त्याच्या. सागवान घेणारा येण्याआधीच हे उरका. चौकट ट्रॅक्टरवर चढायला वेळ लागत नाही.

माझी भाची नागपूरला आर्किटेक्चर शिकते. ती सांगते, फ्लोरिडात समुद्राकाठच्या सारासोटा गावात पॉल रुडॉल्फ या आर्किटेक्टनं बांधलेली १९५८ ची शाळा २००९ मध्ये पाडली, पार्किंगसाठी. पण रुडॉल्फची ड्रॉइंगं अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. आपल्या घरांचं ड्रॉइंग कधी नव्हतंच, बाप्पा! गवंड्यानं काठीनं जमिनीवर रेघ ओढली, वर चुना टाकला, झाला नकाशा.

शेवटी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वही दाखवा आणि कुठं काय होतं ते त्यांच्याकडून लिहून घ्या: देवळी, उखळ, बाळंतिणीची खोली. आणि बंगई विसरू नका. दोन कड्यांमधलं अंतर, जमिनीपासून पाटाची उंची.