ओल्ड स्कूल रूनस्केप : लाईन गेली तरी डाव टिकवायचा कसा

गावात ऑनलाइन गेम निवडताना ग्राफिक्स नंतर पाहायचे. आधी लाईन किती वेळ राहते आणि रेंज कुठे बसते ते पाहायचं. वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यात जुना लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट एवढ्यावर नीट चालेल असा रोल-प्लेइंग गेम हवा असेल, तर ओल्ड स्कूल रूनस्केप घ्या. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आणला, तोही ऑगस्ट २००७ च्या जुन्या प्रतीवरून, म्हणून साध्या मशीनलाही झेपतो. २०१८ पासून तो मोबाइलवर आहे. खातं एक, कॅरेक्टर एक, दोन्हीकडे चालतं. लॅपटॉपची बॅटरी बसली की फोनवर तोच डाव पुढे न्यायचा.

दुसरं कारण जास्त मोलाचं आहे. या गेमचा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदा सगळ्यांच्या क्लिका जमा करतो आणि डाव एक पाऊल पुढे सरकवतो. या ठोक्याला टिक म्हणतात. तुमची क्लिक ६० मिलिसेकंदात पोचली काय नि २५० मध्ये पोचली काय, ती बहुतेक वेळा त्याच किंवा पुढच्या ठोक्याला मोजली जाते. त्यामुळे नागपूरच्या फायबरवाल्यापुढे तुम्ही फारसे मागे पडत नाही. घात होतो तो रेंज खालीवर झाल्याने. टिनाचं छप्पर सिग्नल अडवतं, म्हणून फोन खिडकीत किंवा स्लॅबच्या जिन्यात ठेवा. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला तर मातीच्या भिंतीपलीकडेही पोचतो. यूएसबी टेदरिंग त्याहून स्थिर चालतं, फक्त फोन लॅपटॉपवर चार्ज होत राहतो आणि लाईन नसताना बॅटरी लवकर उतरते. लॅपटॉप कुलरसमोर ठेवू नका, ओलसर हवा आत जाते.

खेळताना डेटा फार लागत नाही, व्हिडिओच्या मानाने नगण्यच. पहिलं डाउनलोड आणि नंतरचे अपडेट तेवढे तालुक्याला वायफाय मिळेल तेव्हा उरकून घ्या.

पहिली संध्याकाळ

ट्युटोरियल बेटावरून सुटलात की लम्ब्रिज गावात उतरता. इथे बहुतेक नवे पोट्टे नदीपलीकडे जाऊन तासन्‌तास गॉब्लिन मारत बसतात. तसं करू नका. सुरुवातीच्या लेव्हल मारामारीपेक्षा क्वेस्टमधून (गेममधल्या पात्रांनी दिलेल्या कामगिरीतून) कितीतरी लवकर मिळतात.

पहिली क्वेस्ट किल्ल्यातल्या आचाऱ्याची : कुक्स असिस्टंट. त्याला एक अंडं, एक बादली दूध आणि एक भांडं पीठ हवं असतं. भांडं त्याच्याच स्वयंपाकघरात असतं, बादली तळघरात. दूध कुठल्याही गाईचं निघत नाही. ज्या गाईवर दूध काढण्याचा पर्याय दिसतो तिच्याचपाशी जा, बाकीच्या गाईंवर नुसता हल्ल्याचा पर्याय येतो. पिठाशी मात्र बरेच जण अडतात. गहू घेऊन चक्कीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं, तो हॉपरमध्ये टाकायचा, बाजूचा दांडा ओढायचा आणि मग खाली तळमजल्यावर येऊन पेटीतून पीठ भांड्यात भरायचं. दांडा ओढायचा राहिला तर खाली काहीच सापडत नाही. भांडं जवळ नसेल तर पीठ उचलताच येत नाही. बक्षीस ३०० कुकिंग एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण.

पुढचा क्रम असा धरा. रेस्टलेस घोस्ट १,१२५ प्रेयर एक्सपी देते, १ वरून थेट ९ वर. विचेस पोशन आणि इम्प कॅचर मिळून मॅजिक १० होतं. मग फॅलाडोर शहराच्या उत्तरेला डोरिक नावाचा बुटका आहे. त्याला ६ क्ले (चिकणमाती), ४ तांब्याचं खनिज आणि २ लोखंडाचं खनिज द्या. लोखंड खणायला मायनिंग १५ लागतं, ते तुमच्याकडे नसणार. दोन नग व्हॅरॉक शहराच्या ग्रँड एक्स्चेंज या बाजारात विकत घ्या. बदल्यात १,३०० एक्सपी, म्हणजे मायनिंग १०. नाइट्स सोर्डला नेमकं एवढंच लागतं, आणि ती १२,७२५ स्मिदिंग एक्सपी देते. लेव्हल १ वरून २९! ऐरणीवर तेवढं ठोकत बसायचं म्हटलं तर कित्येक तास जातील. फक्त त्या क्वेस्टमधल्या बर्फाच्या गुहेत आइस जायंट अंगावर येतात. तिथे लढायचं नाही. खाणं घेऊन पळत जायचं, खनिज काढायचं आणि बाहेर पडायचं.

गॉब्लिन डिप्लोमसी आणि रोमिओ अँड ज्युलिएट या दोन्हींचे पाच-पाच क्वेस्ट पॉइंट आहेत. त्या लवकर करा, कारण नव्या फुकट खात्यावर व्यापाराचे निर्बंध असतात. १० क्वेस्ट पॉइंट, एकूण लेव्हल १०० आणि २० तास खेळ पूर्ण झाला की ते उठतात.

व्हॅम्पायर स्लेयर ४,८२५ अटॅक एक्सपी देते, १ वरून २०. नवख्यांचा जीव या क्वेस्टमध्ये सहज जातो. ड्रेनर गावातल्या मॉर्गनच्या घरात वरच्या कपाटातून लसूण घ्या. ती नुसती थैलीत असली तरी व्हॅम्पायर अशक्त होतो. व्हॅरॉकच्या ब्लू मून इनमध्ये डॉक्टर हार्लोला एक बिअर पाजली की तो खुंटी देतो. हातोडा आपला आपण न्यायचा. खुंटी किंवा हातोडा यातलं एक जरी विसरलं तरी काउंट ड्रेनर हा व्हॅम्पायर शेवटच्या घावाला मरत नाही, पुन्हा भरून येतो, आणि तोवर तुमचं खाणं संपलेलं असतं.

खाणं, हत्यार, मरण

थैलीत २८ घरं असतात. लढाईला जाताना निम्मी खाण्याला द्या. कोळंबी ३ हिटपॉइंट (जीव) भरते, ट्राउट ७, सॅमन ९, लॉबस्टर १२. फिशिंग २० झालं की कोळंबी सोडा, बार्बेरियन व्हिलेजच्या नदीवर फ्लाय रॉड आणि पिसं घेऊन बसा. ट्राउट भाजायला कुकिंग १५ पुरतं. पिसं कोंबड्यांकडून मिळतात.

हत्यार म्हणून सिमिटर (वाकडी तलवार) घ्या, अल खरीदच्या दुकानात मिळते. ती चार टिकला एक घाव घालते, म्हणजे २.४ सेकंदाला एक. स्टीलची अटॅक ५ ला, मिथ्रिलची २० ला, ॲडमंटची ३० ला, रून धातूची ४० ला. हल्ल्याची पद्धत तपासत चला. ॲग्रेसिव्हवर फक्त स्ट्रेंग्थ वाढते, ॲक्युरेटवर अटॅक. कित्येक जण आठवडाभर खेळतात आणि अटॅक वाढतच नाही म्हणून कुरकुर करतात, कारण हेच असतं.

लढाईच्या मध्ये लाईन गेली तर कॅरेक्टर लगेच नाहीसं होत नाही, काही वेळ तिथेच मार खात उभं राहतं. म्हणून ऑटो रिटॅलिएट (मारणाऱ्याला आपोआप उलटा मारण्याची सोय) चालू ठेवा आणि हिटपॉइंट निम्म्यावर आले की खा, शेवटच्या घटकेची वाट पाहू नका. मेलात तर सगळ्यात किमती तीन वस्तू जवळ राहतात, बाकीच्या थडग्यात १५ मिनिटं. मोबाइलवरून लगेच लॉगिन केलं तर तेवढ्यात गाठता येतं. व्हॅरॉकच्या दक्षिणेला दगडांच्या वर्तुळापाशी डार्क विझार्ड असतात, त्यांना वळसा घाला. उत्तरेकडचा खंदक ओलांडला की वाइल्डरनेस लागतं आणि तिथे दुसरे खेळाडू मारू शकतात. हरवलं तर वाईट वाटेल असं काही घेऊन तिकडे जाऊ नये.

रूनलाइट आणि त्याचे प्लगइन

लॅपटॉपवर रूनलाइट हाच क्लायंट (गेम चालवणारा प्रोग्राम) वापरा. तो ओपन सोर्स आहे आणि जॅगेक्सने त्याला परवानगी दिलेली आहे. तो जॅगेक्स लाँचरमधूनच उतरवा. कोणी व्हिडिओखाली किंवा ग्रुपवर दिलेल्या लिंकवरून घेतलात तर पासवर्ड गेला समजा. मोबाइलवर रूनलाइट नाही.

उजवीकडे पान्याचं चिन्ह दाबलं की प्लगइनची (जोडून घ्यायच्या सोयींची) यादी उघडते. सगळे चालू करू नका, जुन्या मशीनचा दम निघतो. सर्वात आधी प्लगइन हबमधून क्वेस्ट हेल्पर घ्या. कुठे जायचं, काय न्यायचं, कोणाला काय बोलायचं हे तो स्क्रीनवर बाणाने दाखवतो. इंग्रजीचा सराव कमी असलेल्यांना तर तो फारच उपयोगी आहे. त्याची सामानाची यादी निघण्याआधी वाचा, अर्ध्या वाटेवरून परत यावं लागत नाही.

आयडल नोटिफायरमध्ये हिटपॉइंटची मर्यादा घाला, समजा १०. त्याखाली आलात की सूचना वाजते. वर्ल्ड हॉपर प्रत्येक वर्ल्डचा (सर्व्हरचा) पिंग, म्हणजे सिग्नलला जाऊन यायला लागणारा वेळ, दाखवतो. फुकटच्या वर्ल्डमधून कमी आकड्याचा नाही, तर पाच मिनिटं पाहून न हलणाऱ्या आकड्याचा निवडा. ग्राउंड आयटम्स जमिनीवरच्या वस्तूंची नावं आणि किंमत दाखवतो. एफपीएस कंट्रोलमध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची (चित्रांची) मर्यादा ३० वर आणा. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा लॅपटॉप तापणं आणि बॅटरी उतरणं दोन्ही यानेच आटोक्यात राहतं. लो डिटेल चालू केला की मेमरीही वाचते.

जीपीयू प्लगइन चालू करून स्क्रीन काळी पडली तर घाबरू नका, जुन्या ग्राफिक्स चिपला तो पेलत नाही. रूनलाइट सेफ मोडमध्ये उघडा आणि तो बंद करा. ऑटो-क्लिकरच्या (आपोआप क्लिक करणाऱ्या प्रोग्रामच्या) नादी लागू नका, खातं कायमचं जाऊ शकतं.

बँकेत शिरलात की पहिल्याच दिवशी चार आकडी पिन लावा, खात्याला ऑथेंटिकेटर (लॉगिनला वेगळा कोड देणारं ॲप) जोडा. नाणी दुप्पट करून देतो, चिलखत फुकट नक्षीदार करून देतो, असं कोणी म्हटलं की तो लुबाडणाराच असतो.

मेंबरशिप, म्हणजे फुकट खात्यापुढचा गेम उघडणारी वर्गणी, पैशाने किंवा गेममधल्या नाण्यांनी बॉन्ड (मेंबरशिप देणारी वस्तू) घेऊन मिळते. एका बॉन्डला १४ दिवस, आणि ते दिवस तुम्ही खेळा न खेळा सरत राहतात. म्हणून कापूस वेचणीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत बॉन्ड लावू नका. लावाल तेव्हा पहिली वॉटरफॉल क्वेस्ट करा. तिला कसलीही लेव्हल लागत नाही आणि ती अटॅक व स्ट्रेंग्थ दोन्हींना १३,७५० एक्सपी देते, म्हणजे दोन्ही १ वरून ३०. दोर आणि हवा, माती, पाणी यांचे सहा-सहा रून (मंत्राला लागणारे दगड) आधी बँकेत जमवा. ग्लेरियलच्या थडग्यात मात्र हत्यार, चिलखत, रून काहीच नेता येत नाही, ते सगळं बँकेत ठेवून खाणं घेऊन उतरायचं.