फाशांच्या खेळात अपेक्षित मूल्य काढताय? या चुका टाळा

खेळ साधाच घेऊ. एक ते सहापैकी एका आकड्यावर तुम्ही १० रुपये लावता. समोरचा तीन फासे टाकतो. तुमचा आकडा एका फाशावर आला तर १० रुपये नफा, दोन फाशांवर आला तर २०, तिन्हींवर आला तर ३०. शिवाय लावलेले १० रुपये परत. एकावरही आला नाही, तर १० रुपये गेले. परदेशात हा खेळ ‘चक-अ-लक’ नावाने ओळखला जातो. तिथे फासे तारेच्या पिंजऱ्यात फिरवतात, म्हणून ‘बर्डकेज’ही म्हणतात. बारावीच्या मुलांना अपेक्षित मूल्य, म्हणजे दर डावामागे सरासरी किती मिळेल किंवा जाईल, हे शिकवताना मी दरवर्षी हाच खेळ घेतो, कारण होण्यासारख्या बहुतेक चुका या एका गणितात भेटतात.

पहिली चूक हमखास ठरलेली. “सर, एका फाशावर आपला आकडा यायची संभाव्यता १/६. फासे तीन, म्हणजे ३/६, अर्धी. जिंकणं-हरणं सारखंच, आणि दोन-तीन फासे जुळले तर वरचा नफा वेगळा. खेळ आपल्याच फायद्याचा!” यावर मी एवढंच विचारतो, “फासे सात असते तर?” वहीत ७/६ लिहिलं जातं आणि पेन तिथेच थांबतं. एकाहून मोठी संभाव्यता असूच शकत नाही, हे दहावीतच शिकून झालेलं असतं.

बिघडतं ते असं: आकडा दोन फाशांवर एकदम येऊ शकतो, आणि नुसती बेरीज केली की तो डाव दोनदा मोजला जातो. म्हणून उलटीकडून मोजा. एकाही फाशावर आपला आकडा नाही, असे ५ × ५ × ५ = १२५ प्रकार. एकूण प्रकार ६ × ६ × ६ = २१६. उरले ९१. म्हणजे निदान एक फासा जुळण्याची संभाव्यता ९१/२१६, साधारण ४२ टक्के. आता हे ९१ फोडा: नेमका एक फासा जुळतो असे ७५, दोन जुळतात असे १५, तिन्ही जुळतात असा १. ही फोड केल्याशिवाय पैशांच्या रकान्याला हात लावू नका.

दुसरी चूक पैशांच्याच रकान्यात होते, आणि माझ्या मते ती सगळ्यांत घातक, कारण उत्तर दिसायला छान येतं. जिंकलेल्या डावासमोर मूल हातात आलेली रक्कम लिहितं, म्हणजे २०, ३०, ४०. हरलेल्या डावासमोर मात्र निव्वळ तोटा लिहितं, उणे १०. दोन वेगळ्या मापांनी मोजून उत्तर येतं दर डावाला ३ रुपये ४३ पैसे फायदा! एक माप ठरवा आणि तेच शेवटपर्यंत धरा. निव्वळ नफा-तोटा घेतला तर:

(७५ × १० + १५ × २० + १ × ३० − १२५ × १०) ÷ २१६ = −१७० ÷ २१६

म्हणजे दर डावाला सुमारे ७९ पैशांचा तोटा. हातात आलेली रक्कम घ्यायची असेल तर हरलेल्या डावासमोर शून्य लिहा. सरासरी ९ रुपये २१ पैसे येईल. त्यातून लावलेले १० वजा करा, उत्तर तेच.

सुरुवातीचा तो ‘अर्धा’ इथे ताळा पाहायला उपयोगी पडतो. ती संभाव्यता नव्हती. जुळणाऱ्या फाशांची सरासरी संख्या होती, आणि सरासरी म्हणून ती अगदी बरोबर आहे. दर जुळलेल्या फाशामागे १० रुपये, म्हणजे सरासरी ५ रुपये. लावलेले १० रुपये ९१/२१६ वेळा परत, म्हणजे ४ रुपये २१ पैसे. बेरीज ९ रुपये २१ पैसे. दुसऱ्या वाटेने जाऊनही तोच आकडा आला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

क्रम विसरणं ही तशी जुनी चूक. तीन फासे एकसारखे दिसतात म्हणून २१६ ऐवजी ५६ प्रकार मोजले जातात आणि सगळे समसंभाव्य धरले जातात. तीन फाशांची बेरीज ९ आणि बेरीज १० या दोन्ही सहा-सहा तऱ्हांनी जमतात, तरी १० जास्त वेळा का येते, याचं उत्तर गॅलिलिओने दिलं होतं: ९ चे २५ प्रकार, १० चे २७. एक फासा लाल, एक हिरवा, एक पांढरा घ्या. ३-३-३ एकाच प्रकारे पडतो आणि ४-३-३ तीन प्रकारे, हे डोळ्यांना दिसतं.

सरासरीचा वर्ग आणि वर्गाची सरासरी यांतही गल्लत होते. फाशावरच्या अंकाच्या वर्गाइतके रुपये मिळणार असतील तर ३.५ चा वर्ग करून १२.२५ लिहू नका. सहाही वर्गांची बेरीज ९१, भागिले ६, म्हणजे १५.१७.

एकच फासा, जितका अंक तितके रुपये, आणि ‘हवं तर एकदा पुन्हा टाका’ अशी सवलत असली की काही जण दोन फाशांतला मोठा अंक घेऊन ४.४७ काढतात. पण पुन्हा टाकल्यावर पहिला अंक हातातून गेलेला असतो. नव्या फाशाची सरासरी ३.५, म्हणून १, २, ३ आले तरच पुन्हा टाकायचं. निम्म्या वेळा ४, ५, ६ हातात राहतात, त्यांची सरासरी ५. उरलेल्या निम्म्या वेळा ३.५. उत्तर ४.२५.

आणि उत्तर पडताळायला घरी शंभर डाव टाकून बघणाऱ्यांसाठी: आपल्या पहिल्या खेळात एका डावाचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर पसरतो त्याचं माप, ११ रुपयांच्या पुढे आहे. शंभर डावांच्या सरासरीत रुपयाभराचा चढउतार सहज होतो, आणि आपण शोधतोय ७९ पैसे. शंभर डावांनंतर तुम्ही फायद्यात असलात तरी गणित चुकलं असं समजू नका. एक्सेलमध्ये दहा हजार ओळी खाली ओढा. तिथे हा चढउतार ११ पैशांवर येतो आणि उणे चिन्ह स्पष्ट दिसतं.